वरच्या ठिपक्याकडे बघ

काचकाका मोबाइलला काच बसवायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक दिवा, दोन स्टुलं. दुसरं स्टूल माझं. पदवी झाली होती, नोकरी नव्हती.

काका फोन कंपनीच्या नावाने ओळखत नसत. पडद्याला वर कॅमेऱ्यासाठी जी जागा कापलेली असते, तिच्यावरून ओळखत. खाचवाला, थेंबवाला, भोकवाला. भोक जुळलं की काच जुळली. तेवढा वेळ ते श्वास रोखून धरत.

“काका, एवढा महागाचा फोन आणि त्याला भोक?” गिऱ्हाईक कुरकुरायचं.

“त्याला बघायला डोळा नको? दोन दिवसांनी तुम्हाला दिसणारही नाही ते.”

मग काकू आजारी पडल्या. आजार संसर्गाचा. दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं, भेट बंद. काकूंचा जुना फोन धड चालत नव्हता. नवा निवडायला काकांनी दीड तास घेतला.

“कोपऱ्यातलं भोक नको. नजर तिरकी जाते. मधोमध हवं.”

पहिल्याच कॉलवर त्यांनी काकूंना शिकवलं. “माझ्या तोंडाकडे बघू नकोस. वरच्या काळ्या ठिपक्याकडे बघ. म्हणजे मला वाटतं, तू माझ्याकडे बघतेयस.”

“तुमचं आपलं काहीतरीच,” काकू म्हणाल्या. आणि ठिपक्याकडे बघितलं.

रोज चार वाजता कॉल. मी शेजारी असायचो. काकू थेट बघायच्या. काका खुलायचे.

“बघ, कशी डोळ्याला डोळा देऊन बोलते! लग्नात मान वर केली नव्हती हिने.”

एकोणीस दिवस हे चाललं. विसाव्या दिवशी सकाळी काकू गेल्या.

त्यांचं सामान आणायला काकांबरोबर मी गेलो. सिस्टरने पिशवी दिली. फोन वरच होता.

“फोन मीच धरायचे. कॉल झाला की मला विचारायच्या,” ती म्हणाली. “आज ह्यांनी शर्ट कुठला घातला होता गं? दाढी केली होती का?”

“असं का विचारेल? रोज तर बघत होती मला.”

“त्या ठिपक्याकडेच बघायच्या ना. मी म्हणायचे, एकदा तरी खाली बघा. तर म्हणायच्या, नको बाई, ह्यांना लगेच कळतं.”

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“परवा कुठला सांगितलात?”

“निळा. चौकडीचा.”

काकांनी मान हलवली. बरोबर होतं.

लेक परदेशी नोकरीला असते. आली, राहिली, परत गेली. आता चार वाजता तिचा कॉल येतो. काका हातातली काच बाजूला ठेवतात.

“बाबा, सारखं खाली काय बघता? वर बघा ना, माझ्याकडे.”

“तुझ्याकडेच बघतोय गं.”