कुंकू लागलेली क्रेन

निवृत्तीनंतर माणसाचं काही उरलं नाही की त्याला परीक्षक करतात. अकोल्याच्या महाविद्यालयात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून नांदगाव खंडेश्वरच्या एका शाळेने मला विज्ञान प्रदर्शनाला बोलावलं. अमरावतीच्या जिल्हा प्रदर्शनासाठी एकच प्रयोग निवडायचा होता.

तो कोणता, हे मी यायच्या आधीच ठरलेलं दिसलं. स्टेजवर मखमलीवर एक विद्युतचुंबकी क्रेन विराजमान होती. संस्थेच्या अध्यक्षांनी ती अकोल्याहून तयार आणली होती. यात विद्यार्थ्यांनी काय केलं, असं मी मुख्याध्यापकांना विचारलं.

"रंग देल्ला ना सर."

खाली, खुर्च्यांच्या थप्पीआड, आठवीतली एक मुलगी पुठ्ठ्यावर खिळा बांधून बसली होती. खिळ्याभोवती शेतातल्या जळालेल्या मोटारीची तांब्याची तार, दोन सेल आणि पत्र्याच्या पट्टीचा स्विच.

"तारेची टोकं काहून घासली?" मी विचारलं.

"वार्निश असते ना सर वरतून. त्याच्यातून करंट जात नाई."

तिने पट्टी दाबली. खिळ्याने टाचण्या उचलल्या. पट्टी सोडली, टाचण्या गळल्या. वीज वाहते तोवरच खिळा चुंबक, आणि वेढे वाढवले की ओढ वाढते. हे तिने टाचण्या मोजून वहीत लिहिलं होतं. त्या दिवशी त्या सभागृहात झालेलं विज्ञान एवढंच.

मग प्रमुख पाहुणे आले. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की पिठाची चक्की, हळदकुंकू लागल्याशिवाय यंत्र चालू करत नाहीत. पाहुण्यांनी ओल्या कुंकवात बोटं बुडवली आणि क्रेनचा जो भाग सर्वांत चकचकीत दिसला, त्यावर पाची बोटं ओढली. तो उघड्या पितळी पट्ट्यांचा स्विच होता. त्यानंतर ते वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास बोलले. तेवढ्यात कुंकू छान वाळलं.

स्विच दाबला. क्रेन ढिम्म.

"लाइन गेली असन," मागून कोणी म्हणालं. क्रेन बॅटरीवर होती.

मुलगी स्टेजपाशी आली. "सर, पट्टीले कुंकू लागलं. पितळ पितळाले टेकून नाई राह्यलं. पुसू का?"

"पूजेचं कुंकू पुसते का कोनी?" मुख्याध्यापक म्हणाले. सभागृहाने माना डोलावल्या. पाहुण्यांनी बंद क्रेनसोबत फोटो काढला आणि प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं.

मी निकालाच्या कागदावर मुलीचं नाव लिहिलं.

"अध्यक्षसायबाले काय सांगू आता?" मुख्याध्यापकांचा चेहरा पडला.

"क्रेन उचलत नाही म्हणून सांगा."

"तुमीच सांगा ना सर."

मी सांगितलं. अध्यक्षांनी माझ्या वयाबद्दल सहानुभूती व्यक्त केली. पण सही परीक्षकाचीच लागत होती, आणि तेवढ्या वेळात दुसरा म्हातारा मिळणं शक्य नव्हतं.

अमरावतीच्या प्रदर्शनाला मीही गेलो. तिथे सभागृह मोठं, पाहुणे मोठे, हळदकुंकवाचं ताटही मोठं. ते टेबलामागून टेबल रंगवत मुलीपर्यंत आलं. तिने पुठ्ठ्यावरच्या स्विचवर तळहात ठेवला आणि कपाळ पुढे केलं.

"मले लावा," ती म्हणाली. "याले नोका लावू."