माझ्या खोलीची फरशी

भावाचा फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजला अस्तर जुळवत बसले होते. पानशेतच्या बाजूचं आमचं माहेरचं घर त्याने दुरुस्तीला काढलं होतं. पत्रे काढून स्लॅब टाकून झाला होता, आता फरशी आणि दिवे बाकी होते. वडील जाऊन वर्ष झालं होतं, म्हणजे घर आणि जमीन त्याच्या नावावर करायला मला हक्कसोड करून द्यावी लागणार, हेही त्या फोनमध्ये आलं. त्यात मला धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे बहिणी सही करतात. जी करत नाही तिला माहेरच्या उंबऱ्यावर कोणी ‘ये’ म्हणत नाही.

मी फक्त एक मागितलं. हसत हसतच म्हटलं, मला येऊन राहायला एक खोली असू दे.

‘असू दे काय म्हणतीस ताई? तुजीच खोली हाय ती,’ तो म्हणाला. ‘फरशी, लाईट, समदं तूच पसंत कर.’

हे वाक्य ऐकून मी किती हरखले, ते आता लिहिताना माझी मलाच चीड येते. किकवीत मी लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं झाली. तिथे माझं शिलाई मशीन आहे, माझा संसार आहे, पण मी झोपते त्या खोलीत सासूबाईही झोपतात, आणि त्यांना झोप आली की दिवा जातो. मला पडल्या पडल्या वाचायची आवड आहे. ती आवड मी तीस वर्षं दुपारी, गिऱ्हाईक नसताना भागवत आले. म्हणून माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती उशाशी एक दिवा, आणि हात लांबवला की सापडेल असं त्याचं बटण.

ठरल्या दिवशी भाऊ मला नसरापूरला भेटला. कागद तालुक्याला, वेल्ह्याला व्हायचे होते. मला वाटलं, आधी तिकडचं काम उरकून घ्यावं, सरकारी काम आहे, उशीर झाला तर दिवस जायचा. तो म्हणाला, आधी फरशी बघू, निवांत बघू, सही काय पाच मिनिटांची. किती समजूतदार आहे माझा भाऊ, असं मला वाटलं.

टाईलच्या दुकानात मी अडीच तास काढले. दुकानदाराने आधी चकचकीत, आरशासारख्या टाईल दाखवल्या. त्यावर पाय घसरतो म्हणून मी त्या बाजूला सारल्या. मग त्याने मॅटच्या काढल्या. मी चप्पल काढून एकेकीवर उभी राहिले, त्यावर पाणी ओतायला लावलं, दारात उजेडात नेऊन पाहिल्या. ब्लाउजपीस मी दुकानातल्या ट्यूबखाली कधी घेत नाही, फरशी कशी घेईन? शेवटी ओल्या राखेच्या रंगाची एक निवडली, तिच्यात जेमतेम दिसेल इतकी हिरवट झाक होती. बाथरूमला त्याच रंगाची, जरा खरबरीत. दिवे निवडताना तर मी दुकानदाराला पुरतं भंडावून सोडलं. त्याला पांढराशुभ्र उजेड द्यायचा होता, मला पिवळा हवा होता. दोन्ही लावून उजेड माझ्या तळहातावर पाडून बघितला. पिवळ्यात हात माणसाचा दिसत होता. उशाशी लावायला कापडी टोपीचा एक दिवा घेतला. भाऊ सगळ्याला मान डोलवत होता आणि मोबाईलवर फोटो काढत होता. मधेच घरी आईला फोन लावून दिला. आई म्हणाली, शहरातल्या लोकांना आवडंल असं बघ. मी म्हटलं, शहरातल्यांचं काय करायचंय, मला आवडलं की झालं. तिने फोन ठेवला.

तिथून वेल्ह्याला गेलो. अंगठा दिला, फोटो दिला, सह्या केल्या. तिथल्या माणसाने विचारलं, स्वखुशीने देताय ना? मी ‘हो’ म्हटलं ते अगदी खरं होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात भिंतीच्या कडेचं स्कर्टिंग त्याच टाईलचं घ्यावं की गडद, एवढाच प्रश्न चालू होता.

वास्तुशांतीला घर पाव्हण्यांनी भरलेलं होतं. मी माझी खोली पाहिली, फरशीवरून अनवाणी फिरले, बटण दोनदा दाबून पाहिलं. त्या दिवशी तिथे लेकुरवाळ्या बायका निजल्या आणि मी आनंदाने बाहेर पडले. माझीच खोली होती, घाई कशाला?

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी दोन दिवस राहायच्या तयारीने गेले. पिशवीत तीन पुस्तकं होती. दुपारची वेळ, अंगणात पुण्याच्या दोन गाड्या. मला वाटलं भावजयीच्या माहेरचे असतील. मी सवयीने माझ्या खोलीकडे निघाले, तर दारावर पितळी दोनचा आकडा लावलेला. एवढ्यात दार आतून उघडलं. ओल्या केसांची एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मावशी, गरम पाणी गेलंय, जरा बघता का?’

आणि मी बघितलं. लाज वाटते सांगायला, पण मी मुकाट्याने मागे गेले, गीझरचं बटण पडलं होतं ते वर केलं आणि परत येऊन तिला ‘आता येईल’ असं सांगितलं. ती थँक्यू म्हणाली. तिच्या मागे पलंगावर एकजण आडवा होऊन मोबाईल बघत होता आणि भर दुपारी त्याने माझा दिवा लावून ठेवला होता.

भावजय स्वयंपाकघरात दहा-बारा जणांचं पिठलं ढवळत होती. ती मनाने सरळ बाई आहे, तिला लपवता येत नाही. मी विचारल्यावर म्हणाली, दिवाळीत समद्या खोल्या भरल्यात ताई, तुमाला बैठकीत गादी टाकते. हे कधी ठरलं, असं विचारलं. तेव्हा कळलं की गावात सगळे करतात म्हणून पुण्याहून फिरायला येणाऱ्यांना खोल्या भाड्याने द्यायच्या, हे स्लॅब टाकायच्या आधीच ठरलं होतं. रस्त्यावरच्या बोर्डाचं कामसुद्धा आम्ही नसरापूरला गेलो त्याच्या आदल्या आठवड्यात दिलं होतं. तिला वाटत होतं मला माहीत आहे.

भाऊ बाजारातून आला. मी त्याला अंगणातच गाठलं. तो जरा गडबडला, पण लगेच सावरला. म्हणाला, वर्षातले चार दिस तू येणार, बाकी खोली कोंडून ठिवायची का? आन् तू निवडलंस म्हणून तर लोकं हीच खोली मागत्यात. हे त्याने कौतुकाने सांगितलं. मोबाईल काढून फोटोसुद्धा दाखवायला लागला. मी त्याला म्हटलं की तू मला त्या दिवशी सरळ सांगितलं असतंस तरी मी सही केली असती, खोटं बोलून माझी हौस कशाला केलीस? पिशवी आत घेऊन जातो म्हणाला. मी पिशवी हातातून सोडली नाही.

भावावरचा राग मला सोसला असता. पण आईने मला शहरातल्यांना आवडेल असं बघ म्हटलं होतं, ते तेव्हा कानावरून गेलं होतं आणि आता अंगणात उभी असताना त्याचा अर्थ लागला. मी तिला शोधत मागे गेले. तिची खाट धान्याच्या कोठीत, पोत्यांच्या बाजूला हलवली होती. तिथे फरशी बसवलेलीच नव्हती, कोबा होता. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. दारावर एकचा आकडा लावून पाव्हण्यांना दिलेली खोली तिची होती, हे मला तिथे उभी राहिल्यावर कळलं.

‘तुला माहीत होतं?’

‘व्हय.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

तिने सोललेल्या पाकळ्या ताटलीत टाकल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘सांगितलं आन् तू सई केली न्हाईस, भांडलीस, तर त्यो मला बोल लावणार. मंग मला हितं कोन ठिवंल?’

‘मी ठेवेन’ म्हणायला किती वेळ लागतो? मी तिची पोटची लेक, समोर उभी, तोंड उघडलेलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर किकवीची खोली आली, सासूबाईंची खाट, माझी खाट, मधली वीतभर जागा. मी तोंड मिटलं. आईने वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि लसूण सोलत राहिली. तिने मला फसवलं होतं, त्याचा राग आजही आहे. पण ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती, हे मला दिसलं होतं.