झऱ्याच्या गुहेची मोजणी

९ जून. पावसाआधी माळा आवरायला काढला. एका जुन्या पिशवीतून लांब मोजपट्टी निघाली. तिला अजून वटवाघळांच्या लेंड्यांचा उग्र वास होता, आणि मला किनवटकडचा तो डोंगर आठवला.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते. तिथल्या एका झऱ्याच्या गुहेची कुठेच नोंद नव्हती, ती करायला गेले होते. गुहेच्या तोंडाशीच मारोतीरावांचं शेत.

"काय करून राहिल्या, बाई?"

"मोजणी," मी म्हणाले.

त्यांचा चेहराच बदलला. "आत काई न्हाई. धा पावलांवर बंद हाय."

पण आतून गार वारा येत होता आणि पाणी खळखळत होतं. हा माणूस काहीतरी लपवतोय, बहुतेक गुप्तधन, असं मी धरूनच चालले. ते मात्र माझ्या पट्टीवरून नजर काढत नव्हते.

शेवटी त्यांची बायको सुभद्राबाई फणकारली, "मागल्या मोजणीत आमचं निम्मं रान तलावात गेलं. आता हा झराबी नेता का?"

तेव्हा मला रागच आला. पट्टी गुंडाळून मुक्कामाला परतले. आज वाटतं, जमीन गेलेल्या माणसासमोर 'मोजणी' हा शब्द उच्चारणारी मीच अडाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नकाशाच्या कागदावर 'ही जमिनीची मोजणी नाही' असं लिहून खाली सही केली. मारोतीरावांनी तो सुभद्राबाईंकडून दोनदा वाचून घेतला, मगच मला गुहेत न्यायला कंदील पेटवला.