पिरोश्काबाईंचं वय

आमच्या बुडापेस्टात पासष्टी गाठली की ट्राम फुकट. ओळखपत्र दाखवलं की झालं. शेजारच्या पिरोश्काबाई अडुसष्टच्या. पण नाचाच्या क्लासात भेटलेल्या विधुर ओत्तोंना त्यांनी एकोणसाठ सांगून ठेवलं होतं. दर गुरुवारी दोघं ट्रामने केक खायला जात.

परवा दंडाला पट्टा बांधलेला तपासनीस चढला. सवयीने बाईंनी तिकीट काढलंच नव्हतं. ओळखपत्र काढावं, तर जन्मसाल ओत्तोंच्या नाकासमोर! ओत्तोंनी मात्र आपलं खुशाल दाखवलं.

"बाई, तुमचं?"

"तिकीट नाही. दंड करा."

तपासनीस चष्म्यावरून बघतच राहिला. "आजी, तुमचं वय तर..."

"आजी कोणाला म्हणतोस रे मेल्या? दंड कर म्हटलं ना!"

बाईंनी ताठ मानेने दंड भरला. पुढच्या थांब्यावर तपासनीस उतरला. मग ओत्तो हळूच म्हणाले, "पिरोश्का, तीन महिने बघतोय, तुम्ही एकदाही तिकीट काढलं नाहीत."

बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"म्हटलं, ही बाई एक तर लबाड असणार, नाही तर माझ्या वयाची. लबाड नसू दे, एवढंच देवाकडे मागत होतो."