पुरं मिनिट

भागामावशी कुणाला आधी नमस्कार करायच्या नाहीत. 'जय भीम'सुद्धा नंतर. आधी समोरच्याचं मनगट धरायच्या. तीन बोटं नाडीवर, नजर त्याच्या तोंडावर, ओठ हलताहेत पण आवाज नाही. पुरं एक मिनिट. दारात आलेला ग्रामसेवक असो नाहीतर कुणाची नवी सून, मिनिटभर हात देऊन उभं राहायचं. मग आकडा सांगायच्या आणि त्यानंतर विचारायच्या, "चा टाकू का?"

माझं मनगट त्यांनी पहिल्यांदा धरलं तेव्हा मी घोषणा देत होते. आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात हृदयाचा आलेख काढायचं मशीन आलं होतं आणि आल्या दिवसापासून खोक्यातच होतं. चालवणारा माणूस नेमला नव्हता, म्हणून खोकं उघडलं नाही; खोकं उघडलं नाही, म्हणून माणसाची गरज दिसली नाही. असला कारभार. आमच्या संघटनेनं फाटकासमोर धरणं धरलं होतं, पत्रक मी लिहिलं होतं आणि माईक माझ्याच हातात होता. तेवढ्यात एक काटक म्हातारी गर्दीतून सरळ माझ्यापाशी आली, माझा रिकामा हात धरला आणि उभी राहिली. मी ओरडतेय, ती मोजतेय. मिनिट झाल्यावर म्हणाली, "एकशे अठरा. खाली बस, पानी पी, मग बोंबल. तूच पडलीस तर तुझा आलेख कोन काढल?"

अख्खं धरणं हसलं. मला राग आला. माझं बरोबर असताना कुणी हसलेलं मला खपत नाही. पण बसले, पाणी प्याले.

मावशी त्याच दवाखान्यात तीस वर्षं वॉर्डआया होत्या. घाण उपसली, बेडपॅन धुतले, बाळंतिणींचे पाय दाबले. नाडी मोजायला त्यांना एका जुन्या सिस्टरनं शिकवलं आणि मोजलेलं कागदावर लिहायचं नाही अशी ताकीदही दिली. आयानं कागदाला हात लावायचा नसतो. मग मावशी मोजायच्या आणि आकडे डोक्यात ठेवायच्या. सकाळी राउंडच्या आधी वॉर्डातल्या सगळ्या कागदांवर एकदमच नाड्या भरल्या जायच्या. बहात्तर, बहात्तर, बहात्तर. तापानं फणफणलेल्या पोराला बहात्तर. धाप लागलेल्या म्हाताऱ्याला बहात्तर.

"सगळ्या वार्डाचं मिळून सरकारनं एकच काळीज बशिवलं हुतं," मावशी म्हणायच्या. "बहात्तरनं चालनारं."

हे वाक्य मी उचललं. पुढच्या पत्रकाचा मथळाच 'बहात्तरचा खोटेपणा बंद करा!' पत्रक गाजलं. मावशींनी ते चष्मा लावून, बोट फिरवत सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "चांगलं लिवलंस. आता मोजायला शीक."

त्यांनीच शिकवलं. तेरणेच्या काठावरच्या त्यांच्या गावात, तेरपासून थोडं पुढं, ओट्यावर बसवून. अंगठा लावायचा नाही, अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. मोजताना बोलायचं नाही. मी एकदा पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर माझ्या हातावर चापट बसली. "दुकान टाकलंयस व्हय? मिनिटात काय काय हुतंय तुला काय म्हाईत? पैल्या पंधरात घोडं पळतंय आन् पुढल्या पंधरात बसतंय. पुरं मिनिट दे मानसाला. आमच्यासारख्याला जन्मात कुनी पुरं मिनिट दिलेलं न्हाय."

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. स्वतःची नाडी स्वतः मोजायची नाही. "आपलं काळीज आपल्याला फशिवतंय. भ्यालं की बोटं जादाचं मोजत्यात." म्हणून दर पंधरा दिवसांनी त्या माझ्यापुढं मनगट धरायच्या. मी मोजायची, आकडा सांगायची. अडुसष्ट, सत्तर. त्या मान हलवायच्या. ज्या बाईनं निम्म्या तालुक्याच्या नाड्या मोजल्या, तिची नाडी मोजणारी मी एकटी होते. तेव्हा मला याचा नुसता अभिमान वाटायचा.

पुढं संघटनेचं काम वाढलं. भूम, परंडा, कळंब, सगळीकडं माझ्या सभा. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, दोनाचे पाच. त्यांच्या गावात आरोग्य शिबिर घेतलं तेव्हा कितीतरी दिवसांनी मी त्यांना पाहिलं.

शिबिर समाजमंदिरात होतं. एक सिस्टर हातपंपाच्या मशीनवर रक्तदाब घेत होती आणि कार्डावरचा नाडीचा रकाना माझ्याकडं होता. सकाळपासून रांग. मावशी सगळ्यांना पुढं सोडत शेवटी आल्या, खुर्चीत टेकल्या. दाब एकशे नव्वद. मनगट पुढं करून म्हणाल्या, "दोन-तीनदा अंधारी आली पोरी. जिना चढवंना झालाय. नीट मोज."

मी तीन बोटं ठेवली. एक. दोन.

आणि फोन वाजला. खोक्यातल्या मशीनबद्दल मी जिल्ह्याच्या ज्या साहेबांच्या मागं लागले होते, त्यांचा. तीन आठवडे टोलवत होते, आणि आता आला होता फोन. दोननंतर तिसरा ठोका आला नाही, हे माझ्या बोटांना कळलं होतं. फोन घ्यायला वळताना बोटं सरकली असतील असं मला वाटलं. खांद्यानं फोन कानाशी धरून मी साहेबांना सुनावत होते, "माणसं मरायची वाट बघताय का?" आणि उजव्या हातानं मावशींच्या कार्डावर लिहीत होते: 72.

मावशींनी कार्ड उचललं, बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी फोनवरच होते. त्यांनी कार्डाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि गेल्या.

त्या कार्डावरून तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना गोळी सुरू केली. दाब उतरवणारी आणि सोबत ठोकेही कमी करणारी. पंधरा-वीस दिवसांनी मावशी तेरच्या स्टँडवर कोसळल्या. हातपाय झटकले गेले, डोळे फिरले. लोकांनी फिट आली म्हणून नाकाला चप्पल लावली, कांदा फोडला. शुद्ध आली तसं एकजण म्हणाला, सोनारीला भैरवनाथाला घेऊन जा, बाहेरचं दिसतंय. मावशी पडल्या पडल्या म्हणाल्या, "आमी दीक्षा घेतलेली मानसं. मला देव नगं. मोजनारं मानूस बगा कुनीतरी." हे त्यांच्या सुनेनं, सुमननं, मला फोनवर सांगितलं. मी धाराशिवलाच होते. त्यांना तिथं आणेपर्यंत दवाखान्याच्या दारात उभी राहिले.

तरण्या डॉक्टरांनी आलेखाची पट्टी माझ्यापुढं धरली. पूर्ण हार्ट ब्लॉक. माझा चेहरा बघून समजावलं, "रक्ताची नळी तुंबते तो ब्लॉक वेगळा. हा विजेचा. हृदयाच्या वरच्या खणातून ठोक्याचा निरोप निघतो, पण खालच्या खणाला पोचतच नाही. मग खालचा खण आपल्या मनानं कसाबसा चालतो. तीस, पस्तीस."

गावातून निघालेलं निवेदन वर कुठंच पोचत नाही, ते मला माहीत होतं. इथं वरचं खाली पोचत नव्हतं. मी वही काढली आणि कशामुळं होतं ते विचारलं. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, मी लिहून घेतलं. वयानं निरोपाची तारच सुकते, हे सगळ्यात जास्त. हृदयविकाराच्या झटक्यात त्या तारेचं रक्त तुटतं. कुणाला जन्मापासून असतो. कुणाच्या झडपेच्या ऑपरेशनमध्ये तारेला इजा होते. घटसर्पासारखा आजार तारेवर जातो. मूत्रपिंड थकलं की रक्तात पोटॅशियम वाढतं, त्यानंही होतो. "आणि काही गोळ्या," ते म्हणाले. "दाबाच्या, हृदयाच्या. ठोके कमी करणाऱ्या."

माझं पेन थांबलं. मी विचारलं, "मावशींना कुठली गोळी चालू होती?"

त्यांनी नाव सांगितलं. तीच.

माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. मथळ्यासकट. 'भागामावशीचे गुन्हेगार कोण?' मी तिथंच आवाज चढवला. कुठल्या डॉक्टरनं दिली, काय बघून दिली, त्याचं नाव सांगा, उद्या फाटकासमोर बसते.

डॉक्टर दमलेले होते. त्यांनी मावशींची प्लास्टिकची पिशवी उघडली आणि कार्ड काढलं. "हे बघून दिली. दाब एकशे नव्वद, नाडी बहात्तर. मीही दिली असती. ठोके कमी पडले की हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, म्हणून दाब चढलेला दिसतो. तार आधीच सुकत आली असणार. नाडी चाळीस लिहिलेली असती तर कुणीही आधी आलेख काढायला पाठवलं असतं. गोळी दिलीच नसती, एव्हाना पेसमेकर बसला असता." मग कार्ड उलटसुलट करून म्हणाले, "हे लिहिलंय कुणी?"

माझ्या सातावर मधोमध आडवी रेघ असते. लहानपणापासूनची सवय.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. त्यांनी रागवायला हवं होतं.

पेसमेकरसाठी सोलापूर गाठायचं होतं. सुमन पुढं ड्रायव्हरजवळ बसली, मागं मी आणि अँब्युलन्समधले एक डॉक्टर. दुपारचं ऊन खिडकीच्या पांढऱ्या काचेतून येत होतं. मी मावशींचं मनगट धरलं. तीन बोटं. तुळजापूर मागं पडेपर्यंत मी मोजतच होते. मावशींनी डोळे उघडले.

"किती?"

जिभेवर बहात्तर आलं होतं. खोटं सांगायची इतकी इच्छा मला आयुष्यात कधी झाली नव्हती.

"अठ्ठावीस," मी म्हणाले.

"पुरं मिनिट मोजलंस?"

"व्हय, मावशी."

"मंग बराबर आसंल." त्यांनी थोडा दम घेतला. "त्या दिशी तू मोजलंच न्हाईस."

"न्हाय."

"मला तवाच कळलं. म्हनलं, पोरगी घाईत हाय. येईल, पुन्यांदा मोजल."

"मग बोलला का नाही मावशी? माझ्या थोबाडात मारायची! दुसऱ्या कुणाला तरी हात द्यायचा!"

"दुसऱ्या कुनाला मोजाया शिकिवलंय म्या?" म्हणाल्या. हसल्यासारखं तोंड केलं आणि डोळे मिटले.

तामलवाडीच्या अलीकडं ठोक्यांमधली अंतरं लांबली. मी मोजत होते. नऊ. दहा. अकरा. बारा. तेरावा आला नाही. डॉक्टरांनी मला ढकललं, छाती दाबायला सुरुवात केली, इंजेक्शन दिलं, पुन्हा दाबायला लागले. मी मनगट सोडलं नव्हतं. ते दाबत होते तसे माझ्या बोटांखाली ठोके लागत होते, भरपूर, जोरकस. मावशींचे नव्हते ते. त्यांनी हात थांबवले की ठोकेही थांबायचे. सोलापूर येईपर्यंत असं चाललं. मग त्यांनी हात काढले, ते परत ठेवले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावानं मला बोलायला उभं केलं. मी तिथं चळवळीची पोरगी होते, मावशींची लाडकी. लोकांना दवाखान्यावर, मशीनवर, सरकारवर भाषण हवं होतं आणि ते मला झोपेतसुद्धा देता आलं असतं. त्या मशीनचं खोकं अजूनही फुटलेलं नाही, त्याबद्दलचा माझा राग तसाच आहे आणि मी त्यासाठी भांडणारच आहे. पण त्या दिवशी मी कार्ड काढलं, वर धरलं आणि सांगितलं की हे बहात्तर माझं आहे. डॉक्टरांच्या यादीत हार्ट ब्लॉकची कारणं सहा-सात होती. त्यातलं नेमकं कुठलं, हे आता कुणीच ठरवू शकत नाही. पण मावशी गेल्या त्या मी मोजलं नाही म्हणून.

समाजमंदिरात समोरच बसलेल्या सुमननं तोंड फिरवलं. ती अजूनही माझ्याशी बोलत नाही, आणि ते तिचं बरोबर आहे. मी खाली उतरले, चपला शोधत होते. तेव्हा मावशींच्या जाऊबाई, रुक्मिणआजी, काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काठी बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी बाही वर सारली आणि मनगट पुढं केलं.

"मोज," म्हणाल्या. "माझ्या जावंनं तुला शिकिवलंय म्हनं."

मी तिथंच, चपलांच्या ढिगात बसून मोजलं. शहात्तर. त्यांच्यामागं आणखी दोघीजणी येऊन थांबल्या होत्या.

तेव्हापासून शिबिरात मी फोन बाहेर ठेवते, आणि पुरं मिनिट दिल्याशिवाय मनगट सोडत नाही. रांग लांबते, सोबतचे कार्यकर्ते चिडतात, त्यांना चिडू देते. याला प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका. मला ते शब्द नकोत. मी बोटं ठेवते. एक. दोन. आणि तिसरा ठोका यायच्या आत, तेवढ्याशा जागेत, दरवेळी मला तो फोन वाजलेला ऐकू येतो.