डब्यात राहणारी बाई

"बांधलं का सगळं?"

कोणी भेटलं की तिचा रामराम हाच. तुम्हीही तिला भेटला असता तर आधी हसला असता, मग उगाच स्वतःचे खिसे चाचपले असते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी चंद्रपूरच्या मालधक्क्यावर कारकून होतो. सर्कस तेव्हा रेल्वेनं यायची. जनावरं मालडब्यांत, माणसं जुन्या प्रवासी डब्यांत. बाकं काढलेल्या अशाच एका डब्यात ही बाई झुल्यावरच्या पोरींना सांभाळायची, त्यांचे कपडे शिवायची. शंटिंगच्या धक्क्यानं भांडी उडतात, म्हणून तिथं प्रत्येक पातेल्याला दोरी होती.

"पह्यले या डब्यात थर्ड क्लासवाले उभ्यानं जात," ती ऐटीत सांगायची. "आमी झोपून जातो!"

मग सर्कशीच्या मालकानं डबे मोडीत काढले आणि ट्रक घेतले. झुल्यावरून पडून तिचा गुडघा कधीच कामातून गेला होता. ट्रकवर चढणं जमेना. मालक म्हणाला, गावी जा.

"बाबू, माह्यं गाव तर भंगारात चाललं," ती मला म्हणाली. "अन् पोरी झोपतील कुठी?"

 

मी तिला खोल्या दाखवल्या. दोन चांगल्या तिनं नापास केल्या. पसंत पडली ती रेल्वे फाटकाजवळच्या घराची, भिंत घालून बंद केलेली ओसरी. लांबलचक, अरुंद, टोकाला दार.

"भाऊ, हे बाई इतके खिळे काऊन मागून राह्यली?" घरमालकिणीनं मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळी भांडी भिंतीला बांधलेली! मोहल्ला पोट धरून हसला. तीही हसली, पण दोऱ्या काही सोडल्या नाहीत.

शिवणकामावर तिचं बरं चाललं. साध्या ब्लाऊजलाही ती टिकल्या लावायची, त्यावरून बायकांशी भांडणं व्हायची. वडशाच्या झाडीपट्टी नाटकवाल्यांना मात्र त्या टिकल्याच हव्या असत.

पुढच्या हिवाळ्यात सर्कस पुन्हा आली, ट्रकनं. बाई बघायला गेली नाही. तिनं ओसरी झाडली आणि सतरंज्या उन्हात घातल्या. पोरी विसरल्या असतील, असं मला वाटत होतं. 

दुपारी पुन्हा गेलो. ओसरीत सहा पोरी ओळीनं गाढ झोपलेल्या, केसांत ट्रकची धूळ. बाई दारात दुखरा पाय आडवा टाकून बसली होती.

"संध्याकाळी या, बाबू," ती हळूच म्हणाली. "पोरी झोपल्या."