लोटूदादाची अकराची ड्यूटी

आठ दिवस झाले, सविताचा जेवणाचा डबा कोणीतरी फस्त करत होतं. चोर तरी कसा इमानदार! रिकामा डबा घासूनपुसून पुन्हा खिळ्याला टांगायचा.

लोधीपुऱ्यातल्या त्या निवासात बारा मोठी माणसं राहायची. कुणाला चालायला वेळ लागायचा, कुणाला बोलायला, कुणाला समजायला. त्यांचं सगळं सविता बघायची. तिचा पहिला संशय स्वयंपाकी महेशवर.

"अरे ताई, माँ कसम, मी नाही खाल्ला!" महेश म्हणाला. "तुमची भेंडी कोण चोरेल?"

आता बोला!

त्यात लोटूदादाचं वेगळंच लफडं. पंचेचाळिशीचा गडी, पण बोलणं एकेका शब्दाचं. भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या कागदावर बाराही जणांना दहा ते बारा मणी ओवणं लिहिलेलं. लोटूदादा मणी खिशात घालायचा, आणि अकराला शेजारच्या शाळेची घंटा झाली की गायब! तासाभरानं हजर. कुठं गेला होतास विचारलं, की म्हणायचा, "ड्यूटी."

संस्था चालवणाऱ्या रश्मी मॅडमचा धीर सुटला. "ट्रकखाली आला तर मी कुणाला तोंड दाखवू? सोमवारपासून दाराला कुलूप. तरी पळाला, तर इंदूरच्या मोठ्या संस्थेत पाठवू."

सविताला पटेना. लोटूदादा इथून जाणार? आणि बाकीचे अकरा सकाळभर ओट्यावर मणी ओवत रस्ता बघतात, त्यांनाही कोंडायचं?

शनिवारी ती दाराआड दबा धरून बसली. घंटा झाली. लोटूदादानं खिळ्यावरचा डबा काढला, पिशवीत घातला आणि निघाला. अस्सं! सविता मागोमाग. चौकात केळीचा टेम्पो आला, तर पठ्ठ्यानं हवालदारासारखा हात वर करून तो थांबवला. सिंधीपुऱ्यातल्या एका गोदामाच्या फाटकाशी स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या चौकीदारापुढे त्यानं डबा ठेवला.

"जेव."

चौकीदार सुपडू जेवू लागला. लोटूदादा समोर मांडी घालून एकेक घास बघत बसला.

सविताच्या गळ्यातलं संस्थेचं कार्ड बघून सुपडू खुलला. "या ताई! तुमच्या संस्थेची योजना लय भारी हो. काल भरतात फक्त मीठ जास्त पडलं होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझाच डबा खाऊन वर नावं ठेवता?"

सुपडूच्या हातातला घास हातातच राहिला. "तुमचा डबा? घरवाली गेल्यापासून मी दुपारी चहावर भागवायचो. मले वाटलं, संस्थेनं पाठवला."

तिला त्याच्यावर रागावताही येईना. "संपवा आता," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं लोटूदादाच्या बहिणीला, भागाबाईला, फोन लावला. ऐकून भागाबाई आधी हसली, मग रडली. "अगं, बाबा कागदाच्या मिलमध्ये होते ना! अकराचा भोंगा झाला की दादा डबा घेऊन फाटकावर जायचा. वीस वर्षं. तो समोर बसल्याशिवाय बाबा घास मोडायचे नाहीत. बाबा वारले आणि त्याची ड्यूटी सुटली."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुमच्या फॉर्मात औषधं विचारली होती, बाई. तो काय करतो, हे कुठं विचारलं?"

सोमवारी मॅडम कुलूप घेऊनच आल्या. सवितानं सगळं सांगितलं. मॅडमनी कुलूप टेबलावर ठेवलं. मग त्यांनी पहिल्यांदाच लोटूदादाला विचारलं, "तुम्हाला काय काम हवंय?"

"ड्यूटी."

चार दिवस महेश मागे मागे गेला. "मॅडम, रस्ता तो माझ्यापेक्षा बरा ओलांडतो," त्यानं येऊन सांगितलं. कुलूप कपाटात गेलं. भिंतीवरचा कागदही उतरला, आणि मॅडम वही घेऊन बाकीच्या अकरा जणांपाशी एकेक करून बसल्या.

आता सविता दोन डबे आणते. पहिल्या दिवशी लोटूदादा सुपडूचा डबा पोचवून परतला. दोन वाजत आले, तरी सविताचा डबा खिळ्यालाच होता. त्यानं तो काढून तिच्यापुढे ठेवला आणि मांडी घालून बसला.

"जेव."

"जेवते रे नंतर. काम पडलंय."

तो हलेना. शेवटी तिनं डबा उघडला. बारा जणांना भरवून उभ्या उभ्या चार घास कोंबायचे, हीच तिची रीत. ती जेवतेय म्हणून कुणी समोर बसलंय, असं आई गेल्यापासून झालंच नव्हतं. तिनं एक घास त्याच्यापुढे धरला.

लोटूदादानं दोन्ही हात मागे घेतले.

"ड्यूटी," तो म्हणाला, आणि तिचा शेवटचा घास होईपर्यंत जागचा उठला नाही.